तापीपलीकडचे चित्र

चोपड्याहून तापी ओलांडून जळगावास यावे आणि तेथून दक्षिणेस सुमारे साठ किलोमीटर जावे, म्हणजे अजिंठ्याची लेणी लागतात. 1936 साली, जेव्हा चोपडे तालुका इंग्रजी अमलातील पूर्व खानदेशात आणि अजिंठा निजामाच्या मुलुखात मोडत असे, तेव्हा बुडापेस्टमध्ये जन्मलेली व पॅरिसला चित्रकला शिकलेली अमृता शेरगिल त्या लेण्यांत आली. 1819 पासून अनेक युरोपियन तेथे येऊन गेले होते. पुढे ब्रिटिश चित्रकार ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून प्रतिकृतीही करविल्या. परंतु प्रतिकृती निराळी आणि प्रत्युत्तर निराळे.

ते प्रत्युत्तर अमृतेने 1937 साली ‘वधूचा शृंगार’ या चित्रात दिले. अलंकारांची हौस बाजूस सारून, देह मोठ्या, शांत, सपाट रंगखंडांत बसवून आणि मातकट तांबड्या रंगास प्राधान्य देऊन तिने रंगविलेल्या त्या वधूच्या मुद्रेवर लग्नघरातील उल्हास नाही. आहे तो एक मूक, अंतर्मुख विषाद. माझ्या मते लेण्यांतील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या झुकत्या दृष्टीशी त्याचे नाते आहे, आणि आपल्या लेकीसुनांच्या मुद्रांशी तर त्याहून जवळचे.

‘माणसे अशी का काढली?’ असा प्रश्न आधुनिक चित्रापुढे आपण खानदेशी माणसे हटकून विचारतो. त्याचे उत्तर आपल्याच शेजारच्या भिंतींवर आहे. पुढील खेपेस लेण्यांत गेलात, तर पद्मपाणीपुढे घटकाभर अधिक थांबा.