नथीतला पाचू

नथीच्या मोत्यांमधून डोकावणारा पाचू महाराष्ट्रीय घराण्यांत सासूकडून सुनेकडे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला आहे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें ‘बृहत्संहिते’त मरकत या नांवानें त्याची गणना रत्नांत केली. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं दक्षिण अमेरिकेंतील, आजच्या कोलंबियांतील, खाणी ताब्यांत घेतल्या, आणि तेथील पाचू पोर्तुगीजांच्या गोव्यामार्गेंही मोगल दरबारीं पोंचूं लागले.

सात समुद्र ओलांडून आलेलें हें रत्न घरच्या चुलीपुढें मात्र हार खातें. पाचू कठीण खरा. परंतु त्याच्या अंगीं जन्मतःच बारीक भेगा असतात, आणि त्या झांकण्याकरितां कारागीर त्यांत तेल मुरवितात. चांदूर रेल्वे असो वा पुणें, लग्नसराई जवळ आली कीं दागिने रिठ्याच्या पाण्यांत उकळले जातात. निव्वळ सोन्यास तें मानवतें. पाचूचें तेल मात्र निघून जातें, भेगा उघड्या पडतात, क्वचित् खडाच तडकतो. चिंचेच्या आंबटानें शेजारच्या मोत्याचेंही तेज जातें.

म्हणून असा दागिना कोमट पाण्यांत किंचित् सौम्य साबण घालून, त्यांत भिजवून पिळलेल्या मऊ फडक्यानें हलकेच पुसावा, मग साध्या ओल्या फडक्यानें साबण काढून लागलीच कोरडा करावा. हिऱ्याचा ओरखडा लागूं नये यास्तव तो निराळ्या पिशवींत ठेवावा. निघून गेलेलें तेल जाणता जवाहिऱ्या पुन्हां देऊं शकतो. तडकलेला पाचू मात्र कोणासही पूर्ववत् करतां येत नाहीं.