तळटीप : क्लाइव्ह जेम्स

१४. क्लाइव्ह जेम्स (१९३९–२०१९) : मूळ लेखात यांचा उल्लेख नुसता 'टीव्हीवाले' असा आला आहे, तो फारच तोकडा आहे. जन्म सिडनीच्या कोगरा उपनगरातला. वडील दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचे कैदी होते. छावणीतून जिवंत सुटले, पण १९४५ मध्ये घरी परतताना विमान कोसळून गेले. जेम्स पुढे इंग्लंडला आले, केंब्रिजमध्ये शिकले, पीट अ‍ॅटकिन या मित्राच्या चालींसाठी गाणी लिहू लागले. १९७२ ते १९८२ या काळात 'द ऑब्झर्व्हर'मध्ये त्यांनी दूरचित्रवाणीवर सदर लिहिले. विद्वान मंडळी ज्या माध्यमाकडे पाहून नाक मुरडत, त्यातल्या मालिका, खेळ, बातम्या या सगळ्यांना त्यांनी ग्रंथपरीक्षणाच्या तोलाने जोखले, तेही वाचकाला खदखदून हसवत. प्रस्तुत संपादकाच्या मते त्यांची खरी कमाई हीच. नंतर ते स्वतःच पडद्यावर आले. स्पर्धकांचे हाल करणाऱ्या 'एन्ड्युरन्स' या जपानी कार्यक्रमातली दृश्ये दाखवून त्यांनी ब्रिटिश प्रेक्षकांची करमणूक केली. वडिलांची हकिगत ठाऊक असणाऱ्याला हे जरा खटकेल. मात्र याच गृहस्थांनी जपानी भाषेचा अभ्यासही केला. 'अनरिलायेबल मेमॉयर्स' (१९८०) हे त्यांचे सर्वाधिक वाचले गेलेले आत्मकथन. शिवाय कादंबऱ्या, निबंध, कविता. दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चा त्यांचा इंग्रजी पद्यानुवाद २०१३ मध्ये निघाला, तेव्हा ते रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते. पत्नी प्रू शॉ या दान्तेच्या नामवंत अभ्यासक.