दोन डब्यांच्या मधली जागा

आगगाडीचा इतिहास म्हटला की आपल्याला वाफेची इंजिनं आठवतात, बोगदे आठवतात, बोरघाट आठवतो. दोन डबे एकमेकांना जोडायचे कशाने, हा प्रश्न मात्र सहसा कुणाला पडत नाही. मलाही बरीच वर्षं पडला नव्हता. गेले काही महिने या विषयावर मिळेल ते वाचतोय, आणि आता वाटतं की रेल्वेचा अर्धा इतिहास त्या हातभर जागेतच दडलेला आहे. त्या जागेने किती माणसांचे हात खाल्ले, याला गणती नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत डबे जोडायची पद्धत अगदी साधी होती. डब्याच्या टोकाला एक पोकळ लोखंडी तोंड, त्यात अडकवायची लांबट कडी, आणि वरून घालायची खीळ. पण ती कडी समोरच्या डब्याच्या तोंडात नेमकी जावी म्हणून ब्रेकमनला दोन डब्यांच्या मधे उभं राहून ती हाताने धरावी लागे. समोरून डबा येतोय, कडी आत गेली की हात मागे घ्यायचा आणि खीळ टाकायची. क्षणभर उशीर झाला की बोटं गेली. पाय घसरला तर जीवच. दोन-चार बोटं नसणं ही जुन्या ब्रेकमनची ओळखच समजली जाई. १८८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी काँग्रेसला सांगितलं होतं, की पोटासाठी काम करणाऱ्या माणसाला युद्धातल्या सैनिकाइतका धोका पत्करावा लागणं ही आपल्या संस्कृतीला लाज आणणारी गोष्ट आहे.

यावर तोड काढली ती एली जॅनी नावाच्या माणसाने. हा काही इंजिनियर नव्हता. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला आणि नंतर व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावी कापडचोपडाच्या दुकानात नोकरी करणारा हा कारकून. लाकूड तासून त्याने नमुना बनवला आणि १८७३ मध्ये पेटंट घेतलं. तुमच्या दोन्ही हातांची बोटं मुडपून एकमेकांत अडकवून बघा, जॅनीचा कप्लर साधारण तसाच. डबे एकमेकांवर आपटले की मुडपलेली बोटं आपोआप बंद होतात. सोडवायचं असेल तर बाजूला उभं राहून दांडा उचलायचा. माणसाने मधे जायची गरजच नाही.

झालं, प्रश्न सुटला? छे! खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. डबा काही एका कंपनीच्या रुळांवर राहत नाही, तो देशभर फिरतो. नव्या कप्लरचा डबा रोज जुन्या कडी-खिळीच्या डब्यांना भेटणार. म्हणून जॅनी कप्लरच्या त्या मुडपलेल्या बोटातच एक आडवी खाच ठेवली आणि वरून खाली जाणारं भोक पाडलं. समोर जुना डबा आला तर त्याची कडी खाचेत सरकवायची आणि भोकातून खीळ टाकायची. एकच कप्लर, नव्याशीही जुळणारा आणि जुन्याशीही. मला ही युक्ती फार आवडली. पण तिची किंमतही होती. खाचेमुळे ते बोट कमकुवत होई आणि कडी धरायला माणूस पुन्हा मधे जाई.

१८८७ मध्ये डबे बांधणाऱ्यांच्या संघटनेने जॅनीची घडण प्रमाण मानली. लोरेन्झो कॉफिन नावाच्या आयोवातल्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं याच कामाचा ध्यास घेतला होता. अखेर १८९३ मध्ये कायदा झाला, की माणसाला मधे न जाता, आपटल्याबरोबर आपोआप जोडले जाणारे कप्लर डब्यांना हवेत. अंमलबजावणीची मुदत मात्र वाढत वाढत १९०० सालापर्यंत गेली.

आणि त्याच वर्षी, ५ ऑगस्टला, युटामधल्या प्रॉमॉन्टरी इथे जॉन्सन नावाच्या ब्रेकमनला एक इंजिन भोजनाच्या डब्याला जोडायला सांगण्यात आलं. इंजिनाला जॅनी कप्लर. डब्याला मिलर हूक. दोन्ही स्वयंचलित! पण प्रत्येक आपापल्या जातभाईशीच जुळणारा. नुसतं आपटून हे जुळणार नाहीत, हे जॉन्सनला ठाऊक होतं. शेवटी कडी आणि खीळ घेऊन तो मधे शिरला आणि त्याचा हात चिरडला. कापावा लागला.

तो कोर्टात गेला. अपील कोर्ट म्हणालं, इंजिनाला स्वयंचलित कप्लर आहे, डब्यालाही आहे, मग कायदा मोडला कुठे? शब्दांवर बोट ठेवून बघाल तर बरोबरच आहे की! पण १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फिरवलं. नुसता कप्लर असून भागत नाही, तो समोरच्याशी आपोआप जुळला पाहिजे, कारण कायदा माणसाला मधे जावं लागू नये यासाठी आहे, असा त्या निकालाचा अर्थ. योगायोग बघा, याच प्रॉमॉन्टरीला १८६९ मध्ये पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांकडून आलेले रूळ जोडले गेले होते. रूळ जुळले, कप्लर जुळायचे राहिले.

जपानने मात्र अशी मधली अवस्था ठेवलीच नाही. आधीची काही वर्षं तयारी केली, आणि १७ जुलै १९२५ या एका दिवसात होन्शू बेटावरच्या डब्यांचे कप्लर बदलून टाकले.

आपल्याकडे इंग्रजांनी दिलेलं स्क्रू कपलिंग आणि दोन बाजूंचे बफर. लहानपणी दौंडला इंजिन दुसऱ्या टोकाला लावताना मी ते पाहिलंय. बफर टेकले की एक माणूस वाकून खालून आत शिरे, तो जड फास उचलून आकड्यात टाके आणि दांडा फिरवून आवळे. पुढे मालगाड्यांना आणि जर्मन बनावटीच्या एलएचबी डब्यांना मधोमध बसणारा, जॅनीच्याच कुळातला कप्लर आला. पण जुने आयसीएफ डबे होतेच, त्यांचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं. म्हणून आपल्या कित्येक इंजिनांच्या कप्लरला स्क्रू कपलिंगही लटकवलेलं असतं. शंभर वर्षांनंतर पुन्हा तीच युक्ती!

तिला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. गरीब, अवाढव्य देशात एका दिवसात सगळं बदलता येत नाही आणि गाड्याही थांबवता येत नाहीत. सगळ्यांशी जुळवून घेणारी जोडणी म्हणूनच लागते. फक्त तिचा हिशेब करताना ती किती प्रकारच्या डब्यांना चालते एवढंच बघू नये. ती जोडताना मधे कोण उभा असतो, आणि किती वर्षं उभा राहणार आहे, हेही त्या हिशेबात धरावं. आजही हवेचे पाइप जोडायला कुणीतरी त्या जागेत वाकतोच.