चेहरा झाकलेला लिंकन

२२ नोव्हेंबर १९६३, शुक्रवारची दुपार. शिकागोतील एका भोजनसभेत बिल मॉल्डिन नावाचा बेचाळीस वर्षांचा व्यंगचित्रकार बसला होता. तेवढ्यात बातमी आली की डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत. तो उठला, ‘शिकागो सन-टाइम्स’च्या कचेरीत परतला आणि चित्रफलकाशी बसला.

त्या दुपारी उतरलेल्या चित्राखाली एकही ओळ नाही. वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकातील संगमरवरी पुतळा तेवढा त्यात आहे. मूळचा पुतळा डॅनिएल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराचा, बसलेल्या स्थितीतही १९ फूट उंच. त्याची पाठ ताठ आहे, नजर समोर आहे आणि दोन्ही हात आसनाच्या भुजांवर विसावलेले आहेत. मॉल्डिनच्या चित्रात तोच लिंकन पुढे वाकला आहे आणि त्याने दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकून घेतला आहे.

संपादकांनी ते चित्र अंकाच्या पाठच्या संपूर्ण पानावर छापले. शिकागोतील अनेक वृत्तपत्र-विक्रेत्यांनी त्या दिवशी गठ्ठे उलटे मांडले. पहिले पान खाली, पाठचे पान वर! बातमी सर्वांना ठाऊक झालीच होती. लोकांना हवे होते ते पाठच्या पानावर होते.

हे चित्र इतक्या झटकन कसे सुचले, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझ्या मते त्याचे उत्तर वीस वर्षे मागे, इटलीच्या चिखलात आहे.

मॉल्डिनचा जन्म १९२१ चा, न्यू मेक्सिकोतला. दुसऱ्या महायुद्धात तो ४५ व्या पायदळ डिव्हिजनमधून सिसिलीत उतरला आणि पुढे इटलीत लढणाऱ्या सैन्याबरोबर राहिला. तेथे उखळी तोफेच्या गोळ्याने तो जखमीही झाला. सैनिकांच्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या वृत्तपत्रातून त्याची विली आणि जो ही जोडी घरोघरी पोहोचली. दाढी वाढलेले, खांदे पडलेले, पावसात भिजलेले हे दोन शिपाई. सरकारी भित्तिपत्रकांवरच्या तडफदार वीरांशी त्यांचे काहीच नाते नव्हते. जनरल पॅटन यांना हा गबाळेपणा इतका खटकला की मार्च १९४५ मध्ये त्यांनी या कोवळ्या सार्जंटला समोर बसवून चांगलेच खडसावले. आयझेनहॉवर मात्र मॉल्डिनच्या पाठीशी राहिले, आणि विली-जो यांची दाढी कायम राहिली.

ज्या चित्राकरिता १९४५ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले ते या दृष्टीने पाहावे. विजयाने उत्साहित झालेले अमेरिकी जवान थकल्याभागल्या जर्मन कैद्यांना घेऊन येत आहेत, अशा आशयाची बातमी खाली आहे. वर मात्र पावसात रखडत चाललेली माणसे दिसतात. त्यांत जेता कोण आणि कैदी कोण, हे चटकन ओळखता येत नाही.

आणखी एक चित्र आहे, तेही शब्दांवाचून. घोडदळातील एका जुन्या सार्जंटची जीप निकामी झाली आहे. पाय मोडलेल्या घोड्याला यातनांतून सोडवावे तसे त्याने जीपवर पिस्तूल रोखले आहे, आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे डोळे झाकले आहेत. चित्र विनोदी आहे, हसू येतेच. पण एखाद्याचे दुःख दाखवायचे तर त्याचा चेहरा दाखवायलाच हवा असे नाही, हे मॉल्डिनला तेव्हाच उमगलेले दिसते. वाकलेली पाठ आणि डोळ्यांवर गेलेला हात पुरतो. १९६३ चा लिंकन याच सार्जंटच्या पलटणीतला आहे.

राजकीय हत्येवरचे शोकचित्र ही काही नवी गोष्ट नव्हती. १८६५ मध्ये खुद्द लिंकन यांची हत्या झाली तेव्हा लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात जॉन टेनिएलने त्यांच्या देहावर पुष्पचक्र वाहणारी ब्रिटानिया काढली होती. युद्धाच्या काळात लिंकन यांची यथेच्छ टवाळी करणाऱ्या ‘पंच’चे ते प्रायश्चित्तच होते. सोबतची कविता टॉम टेलर यांची होती. (योगायोग असा, की लिंकन यांना गोळी लागली त्या रात्री रंगमंचावर चाललेले नाटकही याच टेलर यांचे!) टेनिएलचे चित्र भारदस्त आहे, पण तेथे शोक करतात त्या राष्ट्रांच्या प्रतीकदेवता. आज ते पाहताना आपण आदराने थांबतो, हेलावत नाही.

मॉल्डिनने प्रतीकदेवता टाळली आणि एक माणूस निवडला. तोही असा, जो स्वतः मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडला होता. शिवाय त्या वर्षी हे स्मारक लोकांच्या डोळ्यांसमोर ताजे होते. गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याला १९६३ मध्ये शंभर वर्षे पुरी झाली होती. २८ ऑगस्टला मार्टिन ल्यूथर किंग त्याच पायऱ्यांवरून बोलले होते, आणि केनेडी यांनी मांडलेले नागरी हक्कांचे विधेयक अजून काँग्रेसमध्ये अडकून पडले होते. तो पुतळा नेमका कशासाठी रडतो आहे, हे वाचकाला समजावून सांगावे लागले नाही.

पुढे या कल्पनेचे अनुकरण इतके झाले की तिची धार बोथट झाली. २००१ च्या हल्ल्यानंतर किती व्यंगचित्रकारांनी स्वातंत्र्यदेवीच्या गालांवर अश्रू काढले, ते आठवून पाहा. मॉल्डिनच्या चित्रात अश्रू दिसतच नाही. अनुकरण करणाऱ्यांनी नेमकी तीच गोष्ट सोडली.

मूळ चित्र जॅकलिन केनेडी यांच्याकडे गेले. मॉल्डिन पुढेही अनेक वर्षे चित्रे काढत राहिला. आयुष्याच्या अखेरीस त्याची स्मृती हरपत गेली तेव्हा, २००२ मध्ये, देशभरातील वृद्ध सैनिकांनी त्याला हजारो पत्रे पाठवली. कित्येक जण तर स्वतः येऊन त्याच्या खाटेशी बसून गेले. २२ जानेवारी २००३ रोजी तो वारला. त्याचे दफन आर्लिंग्टनच्या सैनिकी स्मशानभूमीत झाले. केनेडी यांची समाधीही तेथेच आहे, आणि पोटोमॅक नदीच्या पलीकडे लिंकनचे स्मारक.