कुत्र्याच्या जिभेतलं औषध

खरचटलेला पाय घेऊन कुत्रं घरी आलं की शेजारचं कुणीतरी म्हणतंच, “चाटू द्या त्याला. त्याच्या जिभेतच औषध असतं.” हा समज हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या देवळात कुत्र्यांनी चाटून माणसं बरी झाल्याचे शिलालेख आहेत. एवढंच कशाला, १९९० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट यांनी सहकाऱ्यासोबत कुत्र्याची लाळ तपासली, तेव्हा तिने ई. कोलाय आणि स्ट्रेप्टोकॉकस कॅनिस हे जंतू खरोखरच मारले. पूर्वपक्ष इतका भक्कम आहे.

पण त्याच संशोधनाचा उरलेला भाग कुणी सांगत नाही. स्टॅफिलोकॉकस आणि स्यूडोमोनास या जंतूंवर लाळेचा परिणाम नाममात्रच दिसला. आणि कुत्र्याच्या कातडीत पू होतो, त्यामागे बहुतेकदा स्टॅफिलोकॉकसच असतो. राखणदार आहे खरा, पण नेहमीच्या चोरालाच तो अडवत नाही. शिवाय प्रयोगात फक्त लाळ होती. घरात लाळेबरोबर जीभही येते, आणि ती थांबत नाही. धरलेली खपली निघते, कड पुन्हा ओली होते, टाके असले तर सुटतात. काही कुत्र्यांना पुढच्या पायाच्या मनगटाशी केस झडलेला, जाड, कायम ओलसर चट्टा पडतो. तो चाटून चाटूनच झालेला असतो, आणि महिनोन् महिने हटत नाही. रानातल्या कुत्र्याला जखमेतली माती काढायला जिभेशिवाय काही नसतं. आपल्या घरात नळ आहे.

चाटण्याला नाकं मुरडणारे लोक मग हळद, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि जंतुनाशकाच्या बाटलीकडे वळतात. चूक तीच: जंतू मेले की जखम भरली, असा हिशेब. पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटतं, पण जखम भरायला आलेल्या नव्या पेशीही त्यात मरतात. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं; वर नुसता पिवळा लेप बसतो, आणि खाली लाली वाढतेय की उतरतेय तेच दिसेनासं होतं. अळ्या पडल्यावर डांबरगोळीची पूड भरणं तर सरळसरळ विष घालणं आहे.

किरकोळ जखमेला लागतं ते फारच साधं. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात सपाट चमचाभर मीठ. आधी कडेचे केस कापा. जखमेवर थोडी पाण्यात विरघळणारी जेली लावून कापले तर तुकडे आत न पडता जेलीला चिकटतात आणि धुताना निघून जातात. मग बिनसुईच्या सिरिंजने पाण्याची धार सोडा, घासू नका. आयोडीनचं द्रावण वापरायचंच तर फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. त्यानंतर गळ्यात कॉलर, कुत्रं कितीही केविलवाणं बघत असलं तरी. पावसाळ्यात दिवसातून दोनदा जखम नीट बघा, कारण माशीच्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या होतात.

दुसऱ्या कुत्र्याचा दात रुतलेली जखम मात्र घरची नव्हे. बाहेरून ती डाळीएवढी दिसते, आत कातडी मांसापासून सुटलेली असते. हातमोजे घालून ती साबणाच्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. चावणारं कुत्रं भटकं असेल, तर आपल्या कुत्र्याला आधी रेबीजची लस दिलेली असली तरी ती पुन्हा टोचून घ्यावी लागते.