सूर्याची बारा नावे

गटाच्या बैठकीआधी आम्ही चार सूर्यनमस्कार घालतो. परवा एक काकू म्हणाल्या, "नमस्कार घालीन, पण मंत्र नको. बायकांनी ॐ म्हणू नये, असं सासूबाई सांगायच्या." आम्ही सगळ्या गप्प झालो. आमच्यातल्या कितीतरी जणींनी हेच ऐकलं होतं.

मग आम्ही सातारा जिल्ह्यातल्या औंधची गोष्ट काढली. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. आधी ते सँडोचे परदेशी व्यायाम करत. पुढे सूर्यनमस्कारांकडे वळले आणि संस्थानातल्या शाळांमध्ये ते सक्तीचे केले. घरात राणीसाहेबही नमस्कार घालत. १९३८ साली राजांचं इंग्रजी पुस्तक निघालं, त्यातही मंत्र होतेच. ह्रां, ह्रीं या बीजाक्षरांचा नाद शरीराला आतून उपयोगी पडतो, असं त्यांचं मत. आजच्या डॉक्टरांना ते पटेल का, हा वेगळा प्रश्न.

नावांचे अर्थ मात्र साधे आहेत. मित्र म्हणजे सखा, खग म्हणजे आकाशात फिरणारा, भास्कर म्हणजे उजेड करणारा. सविता म्हणजे प्रेरणा देणारा. हे मूळचं पुरुषाचं नाव, आणि आमच्या एका गटात तीन सविता आहेत! पूषा म्हणजे पोसणारा.

"पोसणारा?" काकूंनी विचारलं. "मग ते आधी शिकवा."

'पूष्णे नमः' म्हणताना त्या अजून अडखळतात. आम्हीही अडखळतो.