बाल्टिकच्या काठावरील नगरे आणि त्यांचे वारस

बाल्टिक हा जवळजवळ नावापुरताच खारा समुद्र आहे. महासागराच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. बाल्टिकच्या मध्यभागी पृष्ठभागावरील पाण्यात ते ७-८ ग्रॅमच्या फारसे वर जात नाहीत, आणि उत्तरेकडील आखातात त्याहूनही कमी होतात. ही केवळ भूगोलाची नोंद नव्हे. या समुद्राकाठच्या नगरांचा इतिहास ज्या उणिवेपासून सुरू होतो, ती ही उणीव आहे.

मध्ययुगात स्कोनच्या किनाऱ्याशी (तो आज स्वीडनमध्ये आहे, त्या काळी डेन्मार्ककडे होता) दर शरदात हेरिंगचे अफाट थवे येत. हेरिंग म्हणजे कोकणातल्या तारलीच्याच कुळातला मासा. ख्रिस्ती युरोपात उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य आणि मासे चालत. त्यामुळे खारवलेल्या हेरिंगच्या पिंपांना अंत नसलेली मागणी होती. मासा होता, पण तो टिकवण्यासाठी लागणारे मीठ या पाण्यातून काढणे परवडणारे नव्हते. ते जर्मनीतील ल्यूनेबुर्गच्या खाऱ्या झऱ्यांतून येई. मीठ आणि मासा यांच्या मधोमध ल्यूबेक हे नगर बसलेले होते. ते ११४३ मध्ये वसले, ११५९ मध्ये सिंहबिरुदधारी हाइनरिख याने पुन्हा वसविले आणि १२२६ मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्याकडून स्वतंत्र नगराचा दर्जा मिळवून बसले. मिठासाठी पुढे १३९८ मध्ये श्टेकनित्स कालवाही पूर्ण झाला. ल्यूबेकची श्रीमंती अशी अगदी स्वयंपाकघरातल्या दोन वस्तूंवर उभी राहिली.

या श्रीमंतीच्या आधाराने ज्याला हान्सा म्हणतात तो व्यापारी नगरांचा संघ वाढला. त्याला राजा नव्हता, खडे सैन्य नव्हते, स्थापनेची निश्चित तिथीही नव्हती. नगरांची पहिली सर्वसाधारण सभा १३५६ मध्ये ल्यूबेकमध्ये भरली, शेवटची १६६९ मध्ये. लंडन, ब्रूज, बर्गेन आणि नोव्हगोरोद येथे संघाच्या मोठ्या वखारी होत्या. त्यांपैकी नोव्हगोरोदची वखार १४९४ मध्ये तिसऱ्या इव्हानने बंद केली. मेण आणि लोकर-कातडी पश्चिमेला जात, कापड आणि मीठ पूर्वेला. परंतु मालापेक्षा अधिक दूर गेल्या त्या तीन गोष्टी : ल्यूबेकचा कायदा, ल्यूबेकची वीट आणि ल्यूबेकची भाषा. टाल्लिनला हा कायदा १२४८ मध्ये मिळाला, आणि तेथील न्यायाविरुद्ध दाद मागायची तर ती ल्यूबेकच्या नगरसभेकडे जाई. घडीव दगडाचा तुटवडा असलेल्या या सपाट प्रदेशात ल्यूबेकच्या मारियेन चर्चने भाजक्या विटांचा घुमट ३८.५ मीटर उंचीवर नेऊन दाखविला. श्त्रालझुंड आणि विस्मार येथील विटांची चर्चे त्याच धड्याची उजळणी आहेत. आणि भाषा म्हणजे निम्न जर्मन. करारपत्रे, हिशेब, मृत्युपत्रे, प्रवचने, सारे तिच्यात.

हा गौरवशाली पसारा सांगताना एक गोष्ट सहसा दडपली जाते. टाल्लिन आणि रिगा यांच्या वेशीबाहेर, आणि वेशीच्या आतही, जे एस्तोनियन व लात्वियन लोक राहत, त्यांना नगराच्या कागदांत ‘अ-जर्मन’ म्हटले जाई. व्यापाऱ्यांची बडी श्रेणी त्यांच्यासाठी नव्हती. एस्तोनियन मजकुराचे जे सर्वांत जुने छापील पुस्तक अंशतः हाती आहे, ते १५३५ मध्ये विटेनबेर्ग येथे छापलेले धर्मप्रश्नोत्तरीचे पुस्तक आहे. त्यात एका बाजूला निम्न जर्मन व दुसऱ्या बाजूला एस्तोनियन मजकूर आहे. आणि त्याची उरलेली काही पाने १९२९ मध्ये मिळाली ती दुसऱ्या एका पुस्तकाच्या बांधणीत रद्दी म्हणून चिकटवलेली! एका भाषेच्या छापील आरंभाला याहून बोलके रूपक शोधावे लागणार नाही.

वारशाचा प्रश्न येथेच अवघड होतो. ज्यांनी बांधले ते आणि आज जे जपतात ते एक नाहीत. त्याचे सर्वांत सूक्ष्म उदाहरण म्हणजे मृत्यूच्या नृत्याचे चित्र. १४६३ मध्ये, महामारी दाराशी असताना, ल्यूबेकच्या मारियेन चर्चमध्ये एक लांबलचक चित्रपट लावण्यात आला. सांगाडारूपी मृत्यू पोप, सम्राट, राजा यांच्यापासून अगदी तान्ह्या मुलापर्यंत प्रत्येकाचा हात धरून नाचतो, आणि प्रत्येकाच्या तोंडी निम्न जर्मन पद्य. १७०१ मध्ये ते जीर्ण चित्र काढून त्याची प्रतिकृती लावली, तेव्हा जुनी पद्ये काढून त्यांच्या जागी उच्च जर्मनमधील नवी पद्ये घातली; निम्न जर्मन तोवर प्रतिष्ठेची भाषा उरली नव्हती. म्हणजे बाँब पडण्यापूर्वी सुमारे दोनशे चाळीस वर्षे नगराने आपली वाणी स्वतःच बदलली होती. २८-२९ मार्च १९४२ च्या रात्री ब्रिटिश विमानांच्या माऱ्यात ती प्रतिकृतीही जळाली. चर्चच्या घंटा वितळत खाली कोसळल्या; त्यांचे तुकडे पडल्या जागी आजही ठेवलेले आहेत.

परंतु बेर्न्ट नोटके याच्या नावावर असलेल्या या विषयाच्या दुसऱ्या चित्राचा सुमारे साडेसात मीटरचा आरंभीचा भाग टाल्लिनच्या निगुलिस्ते चर्चमध्ये टिकला. त्या चर्चवरही ९ मार्च १९४४ रोजी सोव्हिएत बाँब पडले. चित्र आधीच हलविलेले असल्याने वाचले. ल्यूबेकने गमावलेले आपले रूप पाहायचे तर आज एस्तोनियात जावे लागते.

ल्यूबेकच्या त्याच चर्चने वारशाचा आणखी एक धडा दिला, तो काहीसा विनोदी आहे. आगीने भिंतींवरचा जुना चुना गळून पडला आणि मध्ययुगीन भित्तिचित्रे उघडी पडली. त्यांच्या दुरुस्तीचे काम झाले, १९५१ मध्ये चर्चच्या सातशे वर्षांचा सोहळा झाला, चित्रांची टपाल तिकिटेही निघाली. दुसऱ्याच वर्षी लोथार माल्स्काट या चित्रकाराने जाहीर केले, की वरच्या बाजूच्या अनेक आकृती त्याने स्वतः नव्याने रंगविल्या आहेत. प्रथम त्याच्यावर कोणी विश्वास ठेवेना! अखेर १९५५ मध्ये त्याला शिक्षा झाली. पंडितांची फजिती झाली हे खरेच. पण भाजून निघालेल्या नगराला आपला भूतकाळ अक्षत हवा होता, ही गरज खोटी नव्हती.

ग्दान्स्कमध्ये तीच गरज संपूर्ण नगराच्या आकाराची झाली. १९३९ मध्ये जर्मन बहुसंख्या असलेले हे नगर मार्च १९४५ मध्ये भस्मसात झाले. जर्मन पळाले वा हाकलले गेले. त्यांच्या जागी पोलंडच्या इतर भागांतून आणि विल्नियससारख्या हातच्या गेलेल्या पूर्वेकडील नगरांतून पोलिश लोक आले. या नव्या रहिवाशांनी परक्यांची घरे पुन्हा बांधली, पण निवडून : १७९३ नंतरचा प्रशियन काळ गाळून, पोलिश राजांच्या छत्राखालील डच-फ्लेमिश थाटाचे दर्शनी भाग उभे केले. मागे साध्या आधुनिक सदनिका. याला खोटेपणा म्हणणे सोपे आहे. तरी ज्या नगराचे मानचिन्ह असलेले मेम्लिंगचे ‘अंतिम न्याय’ हे चित्रच मुळात १४७३ मध्ये एका ग्दान्स्की खलाशाने फ्लॉरेन्सला निघालेल्या जहाजावरून लुटून आणलेले आहे, त्या नगरात मूळ मालकीची भाषा जपूनच वापरावी. हे चित्र पुढे नेपोलियनच्या सैन्याने पॅरिसला नेले, १९४५ नंतर ते लेनिनग्राडला गेले, आणि १९५६ मध्ये परतले ते पोलिश ग्दान्स्कमध्ये. याच नगरात जन्मलेला ग्युंटर ग्रास आयुष्यभर त्याच्याविषयी लिहीत राहिला, अगदी कलकत्त्यातील १९८६-८७ च्या वास्तव्यानंतरही, आणि २०१५ मध्ये ल्यूबेक येथे वारला.

कागदांचा प्रवास मात्र सरळ परतीचा झाला. ल्यूबेकची दप्तरे युद्धकाळात एका मिठाच्या खाणीत लपविली होती. तेथून त्यांतील पुष्कळशी सोव्हिएत संघात गेली. टाल्लिनच्या दप्तराचा मौल्यवान भाग १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी नेला, तो कोब्लेन्झ येथे पोहोचला. १९९० मध्ये दोन्ही बाजूंनी अदलाबदल केली. निम्न जर्मनमधील त्या वह्या टाल्लिनला परतल्या, आणि वर्षभरातच, २० ऑगस्ट १९९१ रोजी, एस्तोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. ज्यांना त्या वह्यांनी ‘अ-जर्मन’ म्हटले होते, त्यांचे वंशज आज त्या उघडून वाचतात.